पाच फूट दोन ते पाच फूट आठ

आमच्या गल्लीत डोळ्यांची साथ आली तेव्हा पहिले काही दिवस कुणी ती मनावर घेतली नाही. डोळे येतात, लाल होतात, सकाळी पापण्या चिकटतात, आठवडाभर वाळू गेल्यासारखं खुपतं आणि मग आपलं आपण बरं होतं. पण दुसरा आठवडा उजाडला आणि गल्लीतली निम्मी मोठी माणसं काळे चष्मे लावून फिरायला लागली. इस्त्रीवाला, बँकेतून निवृत्त झालेले काका, शिवणकाम करणाऱ्या बाई, सगळेच एकाएकी फार रुबाबदार दिसू लागले. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, इथे कुणीतरी बडी असामी वारलेली दिसते, किंवा या सगळ्यांना एकदमच सिनेमात काम मिळालंय.

साथ आली म्हणजे कारण हवं. आता कारण शोधायला वेळ लागतो, पण माणूस शोधायला लागत नाही. गल्लीच्या रहिवासी मंडळाने पहिल्याच बैठकीत, चहा यायच्या आत, माणूस शोधला. तो म्हणजे मास्तर.

मास्तर हे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सलूनचे मालक, कारागीर आणि झाडूवाले. एक खुर्ची, एक भिंतभर आरसा, आणि मागच्या खोलीत सतत उकळत असलेलं टॉवेलांचं पातेलं. न्हावी म्हटला की तो बोलका असायचा असा सगळीकडचा समज आहे. मास्तर बावीस वर्षांत दुकानात एकंदर तीन वाक्यं बोलले होते. "बसा", "मान खाली" आणि "झालं". त्यांच्या दुकानात रांग असायची ती याच कारणाने. गळ्याभोवती कापड बांधलं की माणूस जे बायकोला सांगत नाही ते मास्तरांना सांगायचा. साडूशी झालेली भांडणं, नोकरीतल्या लबाड्या, जावयाबद्दलचं खरं मत. सगळं ऐकून मास्तर ते कापलेल्या केसांबरोबर सुपात भरायचे आणि टाकून द्यायचे. बाहेर एक अक्षर गेलं नाही. "आमच्या धंद्यात कान आमचे, तोंड गिऱ्हाइकाचं," असं ते एकदा घरी म्हणाले होते. हे आम्हाला त्यांच्या बायकोकडून कळलं. वहिनींचा धंदा वेगळा असल्यामुळे त्यांच्यावर ते बंधन नव्हतं.

आरोग्य खात्याकडे तक्रार गेली ती मंडळाच्या अध्यक्षांच्या सहीने. "सदर सलूनमधील टॉवेल हेच साथीचे मूळ होय." अध्यक्ष हेच दुकानाच्या जागेचे मालक. त्यांच्या जावयाला मोबाइलची कव्हरं विकायचं दुकान टाकायचं होतं आणि तक्रारीच्या दोन दिवस आधी तो जावई सलूनच्या दर्शनी भागाची टेपने मापं घेताना दिसला होता. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे असं माझं म्हणणं नाही. मी फक्त कशानंतर काय झालं ते सांगतोय.

खात्याची माणसं आली, कुलपावर लाख ओतली, शिक्का मारला आणि चौकशीचा अहवाल येईपर्यंत सलून बंद असा कागद डकवून गेली. अहवालात टॉवेल आला की परवाना रद्द, आणि परवाना रद्द झाला की जागेचा करारही आपोआप रद्द, असं करारातच लिहिलेलं. मास्तर रोज सकाळी नेहमीच्या वेळेला येऊन बंद दाराच्या पायरीवर बसायचे. हातात कात्री नसली की हातांचं काय करायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आता समोरच्या पत्र्यांबद्दल सांगायला हवं.

सलूनच्या बरोब्बर समोर एक मोकळी जागा होती. साथीच्या महिनाभर आधी कुठल्याशा सरकारी खात्याने तिला आठ फुटी पत्र्यांचं कुंपण घातलं आणि आत खणायला सुरुवात केली. काय खणताहेत ते सांगितलं नाही. मंडळाने विचारणा करणारी तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हा मंडळाने एकमताने ठराव केला, की "जोपर्यंत समाधानकारक उत्तर मिळत नाही तोपर्यंत गल्लीतील कोणीही सदर कामाकडे पाहणार नाही." मसुदा मुख्याध्यापिकाबाईंचा. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. "पाहणार नाही" या शब्दांखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या. गल्लीतल्या सगळ्या सज्ञान माणसांनी सह्या केल्या. पत्र्यावर तशी पाटीही लावली. त्या खात्याला या बहिष्काराचा जबर धक्का बसला असणार, पण त्यांनी तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

सोमवारी आरोग्य खात्याचे साहेब आणि निरीक्षकबाई आल्या. निरीक्षकबाईंना नोकरीला लागून पाचच महिने झाले होते. त्यामुळे त्या ऐकून घेत होत्या आणि ऐकलेलं लिहीत होत्या. साहेब जुने होते. गोल, हसतमुख, आणि डोक्यावर औषधालाही केस नसलेले. त्यांनी गल्लीच्या मधोमध उभं राहून स्वच्छतेवर चार शब्द सांगितले, अध्यक्षांबरोबर फोटो काढून घेतला आणि मग फोन कानाला लावून, "इथे रेंज नाही हो," असं म्हणत पत्र्यांच्या दिशेने गेले. तिथे बराच वेळ ते आमच्याकडे पाठ करून उभे होते. रेंज चांगली मिळाली असावी.

परत आले ते घाईतच.

"टॉवेलच आहे," ते निरीक्षकबाईंना म्हणाले. "पुढच्या बुधवारपर्यंत रिपोर्ट टेबलावर पाहिजे."

"साहेब, अजून मी कुणाला काही विचारलं नाही."

"मग विचारा की. नाही कोण म्हणतंय? सगळ्यांना विचारा आणि मग टॉवेल लिहा."

निरीक्षकबाईंनी विचारायला सुरुवात केली, पण त्यात एक अडचण होती. साथीच्या रोगांचे छापील फॉर्म संपले होते. भांडार कारकुनाने त्यांना बालकांच्या पोषण-पाहणीचे उरलेले फॉर्म दिले होते आणि वर समजावलं होतं, "रकाने काय, सगळीकडे सारखेच असतात. जुळवून घ्या." जुना माणूस असता तर त्याने निम्मे रकाने कोरे सोडले असते. निरीक्षकबाईंना रकाना कोरा कसा सोडतात हे अजून कुणी शिकवलं नव्हतं. त्या घरोघर गेल्या त्या वजनकाटा आणि मोजपट्टी घेऊनच.

"मला डोळे आलेत," मुख्याध्यापिकाबाई काळ्या चष्म्याआडून म्हणाल्या. "वजनाचा काय संबंध?"

"रकाना आहे, बाई."

रकाना म्हटल्यावर मुख्याध्यापिकाबाई काट्यावर चढल्या. आयुष्यभर त्यांनी इतरांना रकाने भरायला लावले होते.

"उंची चार फूट नऊ," निरीक्षकबाईंनी वाचलं.

"साडेनऊ. नीट बघा. आणि लिहिताना 'चार' मधला 'र' पुरा करा, तुमचा 'र' लंगडतोय."

"आधी कुठला डोळा आला?"

"उजवा. आणि हेही लिहून घ्या, त्या समोरच्या पत्र्यांकडे मी बघतसुद्धा नाही."

निरीक्षकबाईंनी तेही लिहून घेतलं. घड्याळजींकडे गेल्या. उंची पाच फूट पाच, आधी डावा डोळा आलेला.

"बाकी सगळ्यांचा उजवा आला, तुमचाच डावा कसा?"

"उजव्याला भिंग लावतो ना मी," घड्याळजी म्हणाले. "तो डोळा कामाचा. इकडेतिकडे वापरत नाही."

"इकडेतिकडे म्हणजे?"

घड्याळजी एकदम हातातल्या घड्याळात घुसले. "म्हणजे आपलं, एकंदर. आणि त्या पत्र्यांकडे तर आपण बघतसुद्धा नाही हां."

चार दिवसांत एकतीस आजारी माणसांची यादी झाली. एकोणिसावा नंबर अडुसष्ट वर्षांच्या एका गृहस्थांचा आहे, उंची पाच फूट साडेपाच. त्यांच्याविषयी मी जास्त काही सांगणार नाही, भला माणूस आहे. तर या एकतीस जणांनी साथीची एकतीस कारणं सांगितली. कुणी म्हणालं हवा, कुणी म्हणालं पाणी, एका सासूबाई म्हणाल्या सून डोळे वटारते त्याने. पण शेवटी, कुणी न विचारता, प्रत्येकाने तेच एक वाक्य म्हटलं होतं. पत्र्यांकडे आम्ही बघतसुद्धा नाही.

दरम्यान मास्तरांच्या घरात काय चाललं होतं ते भिंती पातळ असल्यामुळे सगळ्यांना ऐकू येत होतं.

"सांगून टाका ना त्या पोरीला," वहिनी म्हणत होत्या.

मास्तर गप्प.

"तुमच्या आरशात अख्खं कुंपण दिसतं. कोण येतं, कोण इकडेतिकडे बघतं, कोण पत्र्याच्या त्या भोकाला डोळा लावून उभं राहतं, सगळं दिसतं तुम्हाला. मला माहीत आहे. मी भाजीला जाते तेव्हा मलाही दिसतं."

मास्तर गप्प.

"एकाच भोकाला अख्खी गल्ली डोळा लावते आणि साथ कुणाची? तर तुमच्या टॉवेलांची. जे टॉवेल तुम्ही इतके उकळता की त्यांचे धागे सुटतात. अहो, मी गॅस भरून भरून दमले."

"गिऱ्हाईक आहे," मास्तर म्हणाले. घरी ते तीनपेक्षा जास्त वाक्यं बोलत, पण फार नाही.

"गिऱ्हाईक? तो अध्यक्ष तुमचं दुकान खातोय, आणि तो तुमचं गिऱ्हाईक?"

"दर दुसऱ्या रविवारी येतो."

"मग आता काय करायचं? तुमचं मौन ताटात वाढू? सोबत लोणचं देऊ?"

थोडा वेळ नुसता भांड्यांचा आवाज आला. मग मास्तर बोलले, आणि त्यांच्या मानाने ते भाषणच होतं. "एकदा बोललो की पुढे खुर्चीत बसून कुणी तोंड उघडणार नाही. परवाना वाचेल. दुकान नाही वाचणार."

वहिनी नंतर बराच वेळ भांडी घासत होत्या.

इकडे निरीक्षकबाई कचेरीत यादी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आधी टॉवेल तपासून बघितला, म्हणजे कागदावर. एकतीसपैकी तेरा बायका. त्या मास्तरांच्या खुर्चीत कधी बसलेल्या नाहीत. नवऱ्यांनी घरी आणलं म्हणावं तर त्यांतल्या सहाजणींचे नवरे ठणठणीत, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईंना तर नवराच नाही. उरलेल्या अठरा पुरुषांतले सात जण केस दुसरीकडे कापत. टॉवेल काही बसेना.

मग त्यांनी वयं बघितली आणि त्या अडखळल्या. यादीत एकही मूल नव्हतं. डोळे यायचे तर आधी पोरांना येतात. एकाला आले की वर्ग रिकामा होतो. इथे आईबापांचे डोळे टोमॅटोसारखे आणि पोरं ठणठणीत. घरी पोरांना का लागलं नाही हे त्यांना समजत होतं, कारण टॉवेलांच्या आरोपाने घाबरून घराघरांत आजाऱ्याचा टॉवेल आणि उशी वेगळी ठेवलेली होती. अध्यक्षांच्या तक्रारीचा तेवढा एक उपयोग झाला होता. पण मुळात मोठ्यांना मिळालं ते पोरांना का मिळालं नाही?

जुना माणूस इथे थांबला असता. पण निरीक्षकबाईंना फॉर्मच्या शेवटी "उंचीनुसार वर्गवारी" असं एक कोष्टक दिसलं. बालकांसाठी होतं, पण होतं. कोष्टक आहे म्हणजे भरायला हवं. त्यांनी सगळ्या उंच्या चढत्या क्रमाने लिहिल्या आणि पेन्सिल खाली ठेवली.

पाच फूट दोन ते पाच फूट आठ. तीस माणसं, सगळी या सहा इंचांत. गल्लीत सहा फुटी माणसं होती, कंबर वाकत नाही म्हणून पट्टा बांधणारा एक उंच वाणी होता, त्यांना काही नाही. पाच फुटांच्या आतल्या बायका होत्या, त्यांनाही काही नाही. रोगजंतू मोजपट्टी घेऊन हिंडत असल्यासारखे. एकच अपवाद, मुख्याध्यापिकाबाई. चार फूट साडेनऊ.

"साहेब," त्यांनी आत जाऊन सांगितलं, "हा आजार मध्यम उंचीच्या माणसांना होतोय."

साहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुम्ही रजा कधी घेतली होती?"

"घेतली नाही, साहेब."

"घ्या. पण आधी टॉवेल लिहा."

टॉवेल लिहायचा तर टॉवेलाचा नमुना तरी हवा, असं म्हणून मंगळवारी निरीक्षकबाई सलूनवर आल्या. अहवाल द्यायला एकच दिवस उरला होता. मास्तर पायरीवर होते. बाईंनी सील तोडलं, दार उघडलं. आत सगळं जागच्या जागी. कात्र्या पुसून ओळीने ठेवलेल्या, तुरटीचा खडा बशीत, टॉवेल इतके पांढरे की त्यांच्याकडे बघताना डोळे यावेत. बाईंनी चिमट्याने एक टॉवेल पिशवीत घातला. मग त्या मास्तरांकडे वळल्या.

"मास्तर, उद्या मला कारण लिहायचंय. टॉवेल नाही एवढं मला कळतंय. पण नुसतं 'टॉवेल नाही' लिहून साहेब सही करायचे नाहीत. जागेवर दुसरं काहीतरी लागतं. तुम्ही दिवसभर इथे असता. तुम्हाला काही सांगायचंय?"

मास्तरांनी खाली बघितलं. हातातलं फडकं घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं. मग खुर्ची झटकली.

"बसा," ते म्हणाले.

"मला केस कापायचे नाहीत, मास्तर."

मास्तर नुसते उभे राहिले. बावीस वर्षांत त्या शब्दाला कुणी नाही म्हटलं नव्हतं, निरीक्षकबाईही बसल्या. मास्तरांनी पायाने दांडा दाबून खुर्ची वर उचलली. एक, दोन, तीन वेळा. मग खुर्ची किंचित डावीकडे फिरवली आणि दार अर्धं लोटून घेऊन ते बाजूला झाले.

आरशात निरीक्षकबाईंना आधी स्वतःचा थकलेला चेहरा दिसला. त्यामागे दाराची फट, आणि फटीत समोरचं कुंपण. पाटी. पाटीच्या बाजूला पत्र्यात एक काळं वर्तुळ.

दोन मिनिटं काही झालं नाही. मग आरशात मुख्याध्यापिकाबाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत रंगाचा रिकामा डबा. त्यांनी शाळेच्या मैदानाकडे बघावं तसं गल्लीकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. डबा पत्र्यापाशी पालथा घातला. काळा चष्मा काढून घडी करून पर्समध्ये ठेवला, डब्यावर चढल्या आणि त्या काळ्या वर्तुळाला उजवा डोळा लावला. भुवईपासून गालापर्यंत अगदी घट्ट.

निरीक्षकबाई आरशाकडे आणखी पुढे झुकल्या.

मुख्याध्यापिकाबाईंचं बघणं चालू असतानाच आरशात अध्यक्ष आले. ते चार पावलांवर थांबले आणि आकाशाकडे बघू लागले. त्यांच्या मागे इस्त्रीवाला येऊन थांबला, तो जमिनीकडे बघू लागला. कुणी कुणाकडे बघितलं नाही. अशी शिस्तीची रांग आमच्या गल्लीत नळालाही कधी लागली नव्हती. मुख्याध्यापिकाबाई उतरल्या, डबा पिशवीत घातला, चष्मा लावला आणि अध्यक्षांशेजारून त्यांना न ओळखता निघून गेल्या. अध्यक्ष पुढे झाले. त्यांना डबा लागला नाही, थोडेसे गुडघे वाकवले की पुरलं.

निरीक्षकबाई खुर्चीतून उडी मारून उतरल्या. बॅगेतून मोजपट्टी काढली आणि दार ढकलून त्या रस्ता ओलांडून थेट पत्र्यापाशी.

मास्तर मागून हळूच म्हणाले, "झालं."

अध्यक्षांना मोजपट्टीचा आवाज आला तेव्हा ते अजून आत बघत होते.

"जमिनीपासून चार फूट साडेदहा इंच," निरीक्षकबाई स्वतःशीच म्हणाल्या. "वर कपाळाचे चार इंच, म्हणजे पाच फूट अडीच. थोडं बुटकं असलं तर टाचा उचलून, थोडं उंच असलं तर वाकून. बरोब्बर."

"मी तपासत होतो," अध्यक्ष सरळ होत म्हणाले. "इथून कुणी डोकावतं का ते."

"आणि डोकावतं का कुणी?"

"आत्ता तरी कुणी नव्हतं."

भोकाच्या कडेला जाड, काळी, रबरी कडी बसवलेली होती. बसवणाऱ्याने काम मन लावून केलं होतं. इतक्या डोळ्यांच्या वापराने ती तुकतुकीत झाली होती, आणि दुपारच्या उन्हात तिच्यावर ओलसर काहीतरी चमकत होतं. अध्यक्षांनी ते पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूने बघितलं असावं. त्यांचा चेहरा उतरला.

"ही कडी कुणी बसवली?"

इस्त्रीवाल्याने घसा साफ केला. "प्लंबरने. पत्र्याची धार लागत होती ना. सगळ्यांच्या भुवया खरचटत होत्या." मग त्याला आठवलं. "म्हणजे असं मी ऐकलंय. मी तिकडे बघतसुद्धा नाही."

तोवर प्लंबर आलाच. सगळ्या गल्लीत तो एकटा माणूस होता ज्याने काही लपवलं नाही, कारण आपलं काय चुकलं हे त्याला अजूनही कळत नव्हतं. "चांगलं आयात केलेलं रबर आहे, बाई. डोळ्याला मऊ लागावं म्हणून मुद्दाम घातलं. लोकांची सोय."

"लोकांची सोय झाली," निरीक्षकबाई म्हणाल्या. "एकाच्या डोळ्यातलं पुढच्याच्या डोळ्यात जायची. नुसता पत्रा असता तर कुणी इतका चिकटवला नसता डोळा." त्यांनी चिमट्याने कडी काढली, पिशवीत घातली आणि भोकावर चिकटपट्टी लावली. एवढ्यात पत्र्याखालच्या फटीजवळ पालथी पडलेली दोन पोरं उठून उभी राहिली आणि अंगाची माती झटकायला लागली. पोरांनी ठरावावर सह्या केलेल्या नव्हत्या. त्यामुळे ती रोज सगळ्यांसमोर, अंगाखाली गोणपाट घालून, फटीतून बघत होती. तिथे डोळा टेकायला काही नव्हतं.

"आत आहे तरी काय?" निरीक्षकबाईंनी पोरांना विचारलं.

"खड्डा."

"आणि?"

"काल होता त्याच्याहून मोठा."

निरीक्षकबाईंनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष आकाशाकडे बघत होते. तीन आठवडे, एकतीस लोक, आणि आत खड्डा.

बुधवारी सकाळी अहवाल साहेबांच्या टेबलावर होता. साहेब खोलीत पडदे ओढून, दिवा बंद करून, काळा चष्मा लावून बसले होते.

"भोक?" साहेब म्हणाले. "मी वर भोक कळवू? वर काय म्हणतील? आणि मंडळाचे अध्यक्ष, मुख्याध्यापिका, सगळे प्रतिष्ठित लोक भोकाला डोळा लावतात असं लिहायचं?"

"नावं नाहीत लिहिली, साहेब. फक्त वय आणि उंची."

"टॉवेल लिहा हो. टॉवेलाला कुणी हरकत घेत नाही. तो न्हावी बोलतसुद्धा नाही."

मास्तरांचं नुकसान होत होतं ते याच वाक्याने. निरीक्षकबाई म्हणाल्या, "साहेब, चष्मा काढता का जरा?"

"ऊन आहे."

"पडदे ओढलेत, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. डावा डोळा बरा होता. उजवा टोमॅटोसारखा.

"कालपासून खुपतोय," साहेब म्हणाले, आणि मग नुसत्या सवयीने, "टॉवेल असेल."

ते वाक्य दोघांनीही ऐकलं. निरीक्षकबाईंची नजर नाइलाजाने साहेबांच्या डोक्याकडे गेली. साहेबांचा हातही तिकडेच गेला.

"आपण सलूनमध्ये शेवटचे कधी गेला होतात, साहेब?"

साहेबांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "लग्नाआधी."

"मागच्या सोमवारी रेंज मिळाली होती का नीट?"

निरीक्षकबाईंनी बॅगेतून मोजपट्टी काढली.

"हे काय?"

"रकाना आहे, साहेब."

साहेब उभे राहिले, भिंतीला पाठ लावून, टाचा जुळवून. "पाच फूट सहा," निरीक्षकबाईंनी लिहिलं. बत्तिसावा नंबर.

"नाव घालू नका," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"या फॉर्मात 'बालकाचे नाव' असा रकाना आहे, साहेब."

"तो तेवढा कोरा सोडा."

नोकरीत निरीक्षकबाईंनी कोरा सोडलेला तो पहिला रकाना. मग साहेबांनी अहवाल परत वाचला, या वेळी डाव्या डोळ्याने, आणि सही केली. सही करून झाल्यावर ते जरा मोकळे झाले. "पण काम चाललंय मात्र चांगलं," ते म्हणाले. "त्या पिवळ्या पंपाने पाणी किती भराभर उपसतात, बघितलंत का?"

"नाही, साहेब," निरीक्षकबाई म्हणाल्या. "मी तिकडे बघितलंच नाही."

गुरुवारी सलूनचं कुलूप काढलं. पत्र्यावर वेल्डिंग करून तुकडा बसवला. अहवाल मंडळाच्या फळ्यावर लागला, त्यात नावं नव्हती, पण प्रत्येकाची उंची होती आणि आमच्या गल्लीत आता सगळ्यांना सगळ्यांच्या उंच्या पाठ झाल्या होत्या. मास्तरांबद्दल त्यात एवढंच होतं की टॉवेल तपासले, त्यात काही सापडलं नाही, आणि सलूनमालकाने चौकशीत कोणतीही माहिती दिली नाही. मास्तरांनी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. वहिनी सांगतात, त्या संध्याकाळी ते घरी गाणं गुणगुणत होते. कुठलं ते ओळखू आलं नाही, कारण त्यांना गायची सवय नव्हती.

रविवारी दुकान भरलं. तीन आठवड्यांचे केस होते सगळ्यांचे. लोक आधीसारखेच बोलत होते, साडूबद्दल, साहेबाबद्दल, जावयाबद्दल, कारण मास्तर बोलत नाहीत हे आता सरकारी कागदावर आलं होतं. अध्यक्षांना यायचं नव्हतं, पण कानांवर केस आले होते आणि त्यांचाच दुसरा रविवार होता. त्यांची पाळी आली.

"बसा," मास्तर म्हणाले.

अध्यक्ष बसले. मास्तरांनी गळ्याभोवती कापड बांधलं, खुर्ची वर केली, आणि पातेल्यातला वाफाळता टॉवेल चिमट्याने उचलला. अध्यक्षांना आरशात स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि त्यामागे कुंपण, पाटी, आणि पाटीशेजारी नव्या पत्र्याचा चकचकीत तुकडा. त्यांनी बराच वेळ बघितलं. बावीस वर्षं ते या खुर्चीत बसत होते, पण आरशात किती लांबपर्यंत दिसतं याकडे त्यांचं लक्ष पहिल्यांदाच गेलेलं दिसत होतं.

"मास्तर," ते शेवटी म्हणाले, काहीतरी बोलायचं म्हणून, "टॉवेल धुतलेला आहे ना?"

मास्तरांनी टॉवेल पिळला, झटकला.

"मान खाली," ते म्हणाले.

अध्यक्षांनी मान खाली घातली.